रकाना चार

किल्लीवाल्याची आणि तिची पहिली भेट एका मोडलेल्या किल्लीमुळे झाली, आणि त्यात तिची काहीही चूक नव्हती. तसं तिनं त्याच दिवशी लेखी नोंदवूनही ठेवलं.

ती विवाह नोंदणी कार्यालयात लग्नं लावायची. अकराचं लग्न असलं तरी सव्वानऊला खुर्चीत. म्हणून कार्यालयात तिचं नावच पडलं होतं ‘सव्वानऊ मॅडम’. तिच्या पिशवीत पाच पेनं, सेफ्टी पिना, रडणाऱ्या आयांसाठी रुमाल, चक्कर येणाऱ्या नवरदेवांसाठी ग्लुकोज आणि दोन छत्र्या असायच्या. एक वापरायला, दुसरी पहिलीनं दगा दिला तर. कपाटाच्या जादा किल्ल्याही तीन होत्या. पण त्या दिवशी चालू किल्ली कुलपातच मोडली, आणि अर्धा तुकडा आत अडकल्यावर बाकीच्या तिन्ही फक्त कान कोरण्याच्या लायकीच्या उरल्या. नोंदवही कपाटात, नवरानवरी घामाघूम.

किल्लीवाल्याचं दुकान रस्त्यापलीकडे, चाळीस पावलांवर. तो पंचवीस मिनिटांनी आला.

“वाटेत काय झालं?” तिनं विचारलं.

“काही नाही. सावकाश आलो.”

“इथं लग्न थांबलंय!”

“मग बरंच आहे की. विचार करायला वेळ मिळाला त्यांना.”

तिनं डोळे वटारले... पण बघायला समोर कुणी नव्हतंच. तो कुलपाला कान लावून, डोळे मिटून बसला होता. इतकं लक्ष देऊन कुणी आपलं ऐकेल का, असं तिला उगाच वाटून गेलं. पूर्वतयारी नसताना तिला काही वाटण्याची ही पहिलीच वेळ.

कपाट उघडलं, तर तिसरा साक्षीदार गायब.

“तुम्ही करा सही,” ती म्हणाली.

“मी या दोघांना ओळखत नाही हो.”

“तेही एकमेकांना कुठं ओळखतात! करा.”

तेव्हापासून साक्षीदार कमी पडला की रस्त्यापलीकडे हाक जायची. तिनं त्याला अकराच्या लग्नासाठी साडेदहाची वेळ द्यायला सुरुवात केली. हे कळल्यावर तो अकरा वीसला यायला लागला.

“तुम्हाला घड्याळ कळतं ना?”

“कळतं. पण तुम्ही चिडलात की नाकाचा शेंडा लाल होतो... तो वेळेवर येणाऱ्यांना दिसत नाही.”

ती नोंदवहीत डोकं घालायची. वही उलटी आहे, हे शिपाईकाका हळूच सांगायचे.

एकदा संध्याकाळी पाऊस आला. तो कार्यालयाच्या दारात रिकाम्या हातांनी उभा, तिच्या पिशवीकडे आशेनं बघत. तिनं छत्री काढली. तो हसून एक पाऊल जवळ सरकला. तिनं दुसरी छत्री काढून त्याच्या हातात दिली.

दोघं बसथांब्यापर्यंत दोन छत्र्यांखालून चालत गेले. मध्ये हातभर अंतर, आणि छत्र्यांच्या काड्या एकमेकींना टोचत होत्या.

“तुमच्याकडे सगळंच जादाचं असतं, नाही?” तो म्हणाला.

“असावं लागतं,” ती अभिमानानं म्हणाली. आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसून स्वतःला दहा मिनिटं शिव्या घातल्या.

तिला त्याला सांगायचं होतं. वाक्य एकच होतं, पण तिनं त्याचे सतरा खर्डे केले. आरशासमोर म्हणून पाहिलं, वेळ लावली... चार सेकंद भरले. पण तो ‘मीसुद्धा’ म्हणाला तर काय बोलायचं, ‘नाही’ म्हणाला तर कसं उठायचं, हे बसवायचं राहिलं होतं. अजून पंधरा दिवस, तिनं ठरवलं.

त्याच आठवड्यात तो दुपारी आला. न बोलावता, आणि केस विंचरून.

“एक अर्ज आहे... जरा बघता?”

दोनच्या लग्नाला सहा मिनिटं होती. अर्ज तपासायची तिची पद्धत ठरलेली : आधी रिकामे रकाने शोधायचे. एक जरी सापडला, तरी बाकीचं वाचायचं नाही. रकाना चार, वधूचं नाव... कोरा. गिऱ्हाइकाचा अर्ज आणला असेल, म्हणून तिनं लाल पेनानं शेरा मारला : ‘अपूर्ण. रकाना भरून आणावा.’

“आणावा?” तो म्हणाला.

“भरून. सुवाच्य अक्षरात. पुढचे!”

पुढे कुणीच नव्हतं.

तो घडी घालून निघून गेला. नंतर हाका गेल्या, पण दुकान बंद असायचं. सतरावा खर्डा पाठ होऊन शिळा झाला.

चार महिन्यांनी तो परत आला. बरोबर एक मुलगी होती, स्वतःच्या घराची किल्ली आत विसरून दार ओढून घेतलेली. हा दार उघडायला दोन तास उशिरा पोहोचला, तोवर ती जिन्यात गाढ झोपली होती, आणि ओळख तिथंच झाली, असं तिनंच हसत हसत सांगितलं. त्यानं अर्ज पुढे केला. कागद तोच. वर सव्वानऊ मॅडमचा लाल शेरा, खाली रकाना चार भरलेला. सुवाच्य अक्षरात.

या वेळी तिनं रकाना एक वाचला. वराचं नाव. शेजारची तारीख चार महिन्यांपूर्वीची.

मुलगी पाणी प्यायला बाहेर गेली.

“हा... तेव्हा तुमचाच होता?”

“हो.”

“मग तोंडानं सांगायचं नाही?”

“पेन तुमच्या हातात होतं, मॅडम,” तो हळूच म्हणाला. “भरायला तुमच्याकडेच तर दिला होता.”

तिनं अर्ज तपासला. अर्ज पूर्ण होता. तिनं शिक्का मारला.

नियमाप्रमाणे नोटीस तीस दिवस फळ्यावर लागली. हरकतीची ग्राह्य कारणं तिला पाठ होती. सतरा खर्ड्यांतलं एकही त्यांत बसत नव्हतं.

लग्नाच्या दिवशी तो पावणेअकराला हजर. आणि सव्वानऊ मॅडम अकरा वाजून चार मिनिटांनी आल्या. शिपाईकाकांनी आपलं घड्याळ कानाला लावून हलवून बघितलं.

“कुणाची काही हरकत?” तिनं विचारलं. इथं दोन सेकंद थांबायची पद्धत. ती थांबली... थांबली... शेवटी काका खोकले.

“नाही,” ती म्हणाली.

सह्या झाल्या. बाहेर पाऊस लागला होता, आणि त्या दोघांनीही छत्री आणली नव्हती. तिनं सवयीनं पिशवीतून दोन्ही छत्र्या काढून पुढे केल्या.

त्यानं एकच घेतली.

“पुरे होईल,” तो म्हणाला.