ब्याण्णव अमावास्या

दक्षिण ध्रुवखंडाच्या त्या किनाऱ्यावर माणसाची वस्ती नाही, पण माणसाचा कचरा मात्र बक्कळ. अगस्ती संशोधन तळावरच्या डॉ. वैजयंती केळुसकर तो कचरा अभ्यासत, आणि हर्णैचा दर्यावर्दी हरिश्चंद्र डोर्लेकर रबरी होडीतून तो गोळा करून आणी.

त्या सकाळी त्याने जाळं तरंगत ठेवणारा एक बोया आणला आणि प्रयोगशाळेच्या दारातच सुरी काढून त्यावर चिकटलेली कवचं खरवडायला बसला.

"अहो हरीभाऊ, थांबा! काय केलंत हे!" बाई धावत आल्या. "ती कवचं म्हणजे माझी वही आहे!"

"चुकलो बाई. चाळीस वर्षांची खोड. कवचं दिसली की हात आपसूक चालतो."

"या कवचकीटकाचं कवच थराथराने वाढतं. प्रत्येक थरात त्या वेळच्या पाण्याची ऊब आणि क्षार कोंडले जातात. किडा थंडीने मेला तरी कवच राहतं. आपलं प्रवासवाचक यंत्र ते थर उलटे वाचतं, बोया कुठून आला ते सांगतं."

हरिश्चंद्राचं लक्षच नव्हतं. खरवडलेल्या अर्ध्या भागावर तापल्या सळईचे तीन डाग दिसत होते. त्याच्या घराची खूण.

"हा आमचा बोया," तो कसाबसा म्हणाला. "नरहरीच्या होडीवरचा."

धाकटा भाऊ नरहरी नऊ वर्षांपूर्वी वादळात होडीसकट गेला. प्रेत मिळालं नाही. भावजयीने, हिराने, अजून कुंकू पुसलं नव्हतं. पण आता भावकी ऐकेना. येत्या महिन्यात त्याचं क्रियाकर्म उरकायचं ठरलं होतं.

बाईंनी उरलेली कवचं प्रवासवाचकात घातली.

"चौदाच महिन्यांची! मग आधीची आठ वर्षं हा बोया पाण्याबाहेर पडून असेल," त्या हळूच म्हणाल्या. त्यांना खोटी आशा लावायची नव्हती.

हरिश्चंद्र खरवडलेल्या जागेवरून अंगठा फिरवत होता.

"नाही बाई. कवच काढलं तरी त्याचा तळ चिकटून राहतो. मी आत्ता काढली त्यांचे तळ रुपयाएवढे. आणि खाली हे बघा, बारके, एकावर एक. सगळे सारख्याच मापाचे!"

यंत्राने ते तळही वाचले. एकावर एक ब्याण्णव तळ. पाणी एकच, उथळ आणि उबदार. आणि प्रत्येक तळ जेमतेम तीस दिवस वाढून थांबलेला.

"अमावास्या!" हरिश्चंद्र ओरडलाच. "आमच्या घरात दर अमावास्येला बोये घासायचेच, आजोबांचा दंडक! बाई, दर्या घासत नाही हो. घासतो तो माणूस!"

चौदा महिन्यांच्या कवचांनी उलटी वाट दाखवली, ती एका निर्मनुष्य प्रवाळबेटाशी जाऊन थांबली. बाईंनी कळवताच जवळचं जहाज तिकडे वळलं.

सातव्या दिवशी रेडिओ खरखरला.

"दादा?" आवाज घोगरा झाला होता, पण नरहरीचाच. "दादा, रागावू नको. एक बोया दोरी तुटून गेला रे. वर्षावर झालं, घासायचा राहिलाय."

हरिश्चंद्राला रडू आवरेना. टेबलावरच्या त्या खरबरीत कवचांपुढे, ज्यांना त्याने जन्मभर शिव्या घातल्या होत्या, त्याने हात जोडले.

"राहू दे रे बाबा," तो म्हणाला. "राहिला म्हणून तर तुझा पत्ता लागला."