टाकीवरचा पंच

खो ऐकल्याशिवाय केतकी उठली नव्हती. मग पंचयंत्रानं फाऊल (नियमभंग) दिलाच कसा? आणि तोही पुन्हा पुन्हा?

तिची आजी गोदाक्का कट्ट्यावर बसून धुमसत होती. पूर्वी या मैदानावर पंच तीच. खो देणाऱ्या पोरीच्या जोडीनं रेषेकडेनं धावायची. यंत्र आलं आणि आक्काला शाल मिळाली. शाल पांघरून रेषेबाहेर बसणं तिला कधी जमलंच नाही. अजून फक्कीचा (रेषा आखायच्या पांढऱ्या भुकटीचा) वास आला की पाय आपोआप उचलायचे.

मध्यंतरात केतकी रडवेली होऊन आली. "आणखी एक फाऊल झाला तर सर मला बाहेर बसवणार आहेत, आक्का."

"नाक पूस. चल, त्यालाच विचारू."

यंत्र एरवी खांबापाशी असे. यंदा पाहुण्यांच्या मंचाला जागा हवी, म्हणून आयोजकांनी ते उचलून मैदानापलीकडच्या पाण्याच्या टाकीवर बसवलं होतं. गुडघ्यांना शिव्या घालत आक्का केतकीला घेऊन पायऱ्या चढली.

"काय रे, कान गहाण टाकलेस?"

"नाही, आक्का," यंत्र अदबीनं म्हणालं. "केतकी उठलेली मला आधी दिसते. खो नंतर ऐकू येतो."

आक्का तोंड उघडणार, तोच खाली मैदानावर मांडववाल्यानं खुंटीवर हातोडा हाणला. केतकी टक लावून बघत राहिली.

"आक्का, आवाज आला तेव्हा हातोडा पुन्हा वर गेला होता!"

"बरोबर," यंत्र म्हणालं. "प्रकाश इथवर जवळजवळ लगेच पोचतो. आवाजाला मात्र हवा ढकलत यावं लागतं. हवेचा एक थर पुढच्या थराला धक्का देतो, तो त्याच्या पुढच्याला. सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर. मैदान इथून शंभरेक मीटर, म्हणजे खो मला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यानं उशिरा पोचतो. केतकी खो मिळताच उठते, म्हणून तीच सापडली; बाकीच्या जरा सावकाश उठतात. माझी जागा बदलली, हे माझ्या हिशेबात कुणी घातलंच नाही. आता तेवढा वेळ वजा करतो. केतकीचे फाऊल रद्द."

"मग आता सगळं ठीक? माणूस पंच नकोच?" केतकीनं विचारलं.

आक्का खाली मैदानाकडे बघत होती.

"हवा," यंत्र म्हणालं. "मध्ये कुणी आलं की पाठीला हात लागला का, ते मला दिसत नाही. आणि मी चुकतोय अशी शंका तुम्हाला आली. मला आली नव्हती."

आयोजकांना आक्कानं जे सुनावलं ते मुलांच्या पुस्तकात छापता येणार नाही. पण दुसऱ्या डावाला ती पदर खोचून रेषेवर उभी होती.

कर्ण्यातून यंत्र म्हणालं, "आक्का, तुमची शिट्टी मला जरा उशिरा ऐकू येईल."

"मग थांब जरा," आक्का म्हणाली. "मी किती वर्षं थांबले."