फ्यूज कुठंय?

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय. नूतन माझी मावसबहीण. तिच्या तळहातावरचा काळा डाग मी स्वतः पाहिलाय.

२००५ सालची गोष्ट. कळंबच्या मळ्यातली वस्ती. भादव्यातली संध्याकाळ, दिवेलागणीची वेळ.

त्या घरात बल्ब बदलायची एक रीत होती. एकानं ओसरीवरच्या बोर्डातला फ्यूज उपसायचा आणि मुठीत धरून उभं राहायचं. स्टुलावर चढलेल्यानं हाळी द्यायची, "फ्यूज कुठंय?" खालच्यानं म्हणायचं, "हातात हाये!" मगच होल्डरला हात लावायचा.

आदल्या वर्षी नूतनचा थोरला दीर सयाजी असाच गोठ्यातला बल्ब बदलायला चढला. फ्यूज तिच्या नवऱ्याकडे, रामदासकडे होता. "हातात हाये," रामदास म्हणाला...

आणि सयाजी होल्डरलाच चिकटला.

"लाईनीतच फॉल्ट व्हता," रामदासनं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. सयाजी रस्त्याकडचं रान विकू देत नव्हता. वर्षश्राद्धाच्या आत रान विकलं गेलं. नूतनच्या मनात पाल चुकचुकली, पण नवऱ्याला विचारायची छाती झाली नाही.

तेव्हापासून गोठ्यात बल्ब टिकेना. नवा लावला की चार दिवसांत फट्...

त्या संध्याकाळी म्हशी धारेला खोळंबल्या होत्या. रामदास रबरी चप्पल घालून कोरड्या स्टुलावर चढला. नूतननं फ्यूज उपसला. घरातला टीव्ही गप्प झाला. ओसरीवर सासूबाई, साळुबाई, हुलगे निवडत बसल्या होत्या.

"फ्यूज कुठंय?"

"हातात हाये!"

म्हशींचं रवंथ करणं थांबलं...

"फ्यूज कुठंय?"

"सांगितलं न्हवं, हातात हाये!"

"आगं, म्या न्हाई इचारलं..." गोठ्यातून रामदास म्हणाला.

नूतनच्या अंगावर काटा आला. दुसरा आवाज जाडा होता. तो तिच्या पाठीमागून आला होता.

तिची मूठ कुणीतरी उघडू लागलं. गार बोटं... तिचं एकेक बोट सोडवणारी. तिनं सगळा जीव मुठीत आणला.

"अवो, खाली उतरा!"

मूठ रिकामी झाली.

घरात टीव्ही बोलू लागला. गोठा लख्ख उजळला.

"दादा, चुकलं माझं! दादा, सोड..."

नूतननं बोर्डातला तापलेला फ्यूज ओढून काढला. तळहात पोळला. तोवर स्टूल आडवं झालं होतं, रामदास संपला होता.

वायरमननं होल्डर पाहिला, चप्पल पाहिली. सगळं धड. मग त्यानं नूतनकडे पाहिलं. वस्तीत कुजबुज सुरू झाली, "बायकूनंच लावला."

तेराव्याच्या रात्री ती सासूच्या पायाशी बसून रडली.

"आत्याबाई, तुमी तितंच व्हता. म्या न्हाई लावला वो!"

"ठावं हाये," साळुबाई म्हणाल्या. "सयानं लावला. गेल्या साली रामदासनं लावला, तवाबी म्या बघितलं व्हतं. दोनी पोटचीच. कुणाला सांगू?"

"मग आवंदा..."

"सया बोर्डापाशी थांबला. माज्याकडं बघितलं, इचारल्यावानी."

साळुबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला.

"म्या मान डोलवली."

त्या रात्री नूतनचा डोळ्याला डोळा लागला नाही. साळुबाई मात्र वर्षभरात पहिल्यांदाच गाढ झोपल्या.