मागच्या मेंढीची चाल

येलदरी रस्त्यावर धुक्यातून मेंढरं आली आणि राजेश्रीचा पळण्याचा ठेका तिथंच तुटला. पोलीस भरतीचा सराव करणाऱ्या बाकीच्या पोरी कडेच्या चारीवरून उड्या मारत पुढं गेल्या. ती मात्र लोकरीच्या त्या संथ लाटेत अडकली.

"जरा लवकर हाका की. माझा टाइम जायलाय."

घोंगडी पांघरलेला पोरगा हसला. "मागची लंगडी हाय. आमच्याकडं सगळे तिच्या चालीनं चालतेत."

"आन् पुढचीला पळावं वाटलं तर?"

"पुढचीला विचारून सांगतो... उद्या या."

ती फणकाऱ्यानं निघून गेली. दुसऱ्या दिवशी मात्र – मुद्दाम नव्हे, अगदी सहज – त्याच वळणावर तिचा वेग कमी झाला.

त्याचं नाव योगीराज. पशुसंवर्धनाचा डिप्लोमा करूनही बापाची मेंढरं वळायचा. हिवाळाभर तो तिच्यासाठी कोवळा हुरडा रुमालात बांधून आणायचा. एकदा तिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. मान खाली घालून त्यानं तो अलगद काढला, आणि काटा निघाल्यावरही टाच क्षणभर तशीच हातात राहिली... तिनंही काढून घेतली नाही.

घरी भगवानरावांनी लेकीला स्पष्ट सांगून टाकलं होतं, यंदा वर्दी नाहीतर उन्हाळ्यात लग्न. पूर्णा गावचं स्थळ बघून ठेवलेलं. राजेश्री हसत हसत हे त्याला सांगायची, आणि तो हसायचा नाही.

मग एका सकाळी त्यानं न्यूझीलंडचं सांगितलं. तिथल्या एका मेंढ्यांच्या फार्मवर त्याला काम मिळालं होतं.

"मेंढरं वळायला येवढ्या लांब?" तिनं चिडवलं.

हातातली काठी मातीत रुतवत तो सांगू लागला. त्याचा थोरला भाऊ हरिओम अशाच एका भरतीत पळताना शेवटच्या फेरीत कोसळला होता. थांबलं की बाद, म्हणून सोबतचे सगळे पुढं गेले. त्यात हरिओमचा जिगरी दोस्तही होता. हरिओम पुन्हा उठलाच नाही.

"तिथं म्हणे माणसाला कुणाच्या पुढं जावं लागत न्हाई," योगीराज म्हणाला. "खरं-खोटं माहीत न्हाई. पण दादाच्या अंगावरून पळत गेलेली माणसं तरी तिथं नसतील."

थांब, असं तिच्या ओठावर आलं होतं. पण कुठल्या तोंडानं म्हणायचं... तीही त्याच शर्यतीत होती.

तिच्या भरतीचा आणि त्याच्या विमानाचा दिवस एकच निघाला. मैदान तापलेलं. शेवटच्या वळणावर पुढची पोरगी अडखळून पालथी पडली. पायांनी राजेश्रीला विचारलंसुद्धा नाही. त्या पोरीवरून उडी टाकून ती सगळ्यांच्या आधी रेषेवर पोचली.

टाळ्या वाजल्या. मैदानाबाहेर येऊन तिनं फोन लावला. योगीराज हैदराबादच्या विमानतळावर होता.

"झालं माझं," ती म्हणाली. मग उडीचंही सांगितलं.

आता हा फोन ठेवणार, असं तिला वाटलं.

"कशीय ती?"

तिला माहीत नव्हतं.

"बघून ये. थांबलोय मी."

पोरगी लिंबाखाली एकटीच बसली होती. बबिता नाव. राजेश्रीनं तिचा सोललेला गुडघा धुतला, तिला घोट घोट पाणी पाजलं.

"तुझं झालं ना, ताई?" बबितानं विचारलं.

"झालं."

"बरं झालं. एकीचं तरी झालं."

राजेश्रीचे डोळे भरून आले. तिनं फोन कानाला लावला. तो खरंच थांबला होता.

"योगीराज... तिथं बाईमाणसाला ठेवतेत का मेंढरांवर?"

"आन् वर्दी?"

"घालते की, तू सांगेस्तोवर. तिथं खरंच तू म्हणतोस तसं असलं तर सांग. नसलं तरी सांग. तरी येईन."

त्याच्यामागं विमानाची घोषणा झाली. तरी त्यानं फोन कापला नाही... आणि फोन चालूच ठेवून, बबिताला खांदा देऊन, ती हळूहळू फाटकाकडं निघाली.