पुसेगावची रुसलेली देवी

"देवी बदलली! हसत व्हती, दसऱ्यापासून रुसून बसली. खरं चित्र सिंधूबाईनं विकलं," देवळाचे पंच तातेराव कडाडले. संध्याकाळच्या बैठकीत पुजारीण सिंधूबाईकडून देवीची पूजा काढून घ्यायची, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

गाभाऱ्यात चौकशीसाठी बोलावलेली हिंगोलीची खाजगी गुप्तहेर रागिणी उभी होती. २००६ सालीसुद्धा बाईमाणूस हेर म्हणजे पुसेगावला तमाशाच. शेजारी कॉम्प्युटरवाला शिवशंकर लॅपटॉप कवटाळून गोंधळलेला.

लाकडी फळीवर रंगवलेली शंभर वर्षांची देवी खरंच आंबट चेहऱ्यानं बघत होती. तिच्या डोक्यावर नवी ट्यूबलाइट. पट्टीवर 'तातेरावांकडून दसऱ्याची सप्रेम भेट'. भिंतीवरच्या देवीच्या जुन्या फोटोत मात्र पायाशी समई आणि ओठांवर हसू.

"समई कुठाय, काका?"

"काजळी धरती. मीच बंद केली."

सिंधूबाई डोळे पुसत होती. "जलमभर सेवा केली, पोरी. मी काहून विकीन? अन् लाईट गेली की माझ्यासंगं हसती की ती!"

"ऐकलं? येडी झाली," तातेराव म्हणाले.

रागिणीनं कॅमेरा एका जागी ठेवून बॅटरीचा उजेड चारी बाजूंनी पाडत फोटो काढले. शिवशंकरनं ते कॉम्प्युटरमध्ये जुळवले.

"ताई, जुन्या फोटोतल्या भेगा या भेगांशी बराबर जुळून राहिल्या. चित्र तेच, तोंड दुसरं? माझं डोकंच चालंना!"

गाभाऱ्यासमोरच्या बैठकीत रागिणीनं लॅपटॉपचा पडदा सगळ्यांसमोर धरला.

"चित्र बदललं नाही, उजेड बदलला. चित्रकारानं देवीचे ओठ रंगाचे थर देऊन उठावदार केलेत. वरून उजेड आला की सावली खाली उतरते, ओठ झुकतात. खालून आला की सावली वर चढते." तिनं पडद्यावरचा उजेड खाली सरकवला. देवी हसली. "मावशी लाईट गेल्यावर समई लावतात. म्हणून फक्त त्यांनाच हसू दिसलं."

"मशीन काहीबी दाखवतं!" तातेराव हटेनात.

इतक्यात रोजच्या वेळेला लोडशेडिंग झालं. ट्यूब विझली. सिंधूबाईनं सवयीनं समई पेटवून देवीच्या पायाशी ठेवली.

फळीवरची देवी हळूच हसली.

तातेरावांनी टोपी काढली. "माफी करा, सिंधूबाई."

"मला न्हाई," ती रडत रडतच म्हणाली. "देवीला मागा. लाईट यायच्या आत."