लुलाशनं उलटा रोवलेला दगड

"माझ्या बापाला पुरायला जागा मिळवून द्या हो," असं म्हणून ती बाई दारातच रडायला लागली आणि पश्कोच्या हातातला पावाचा तुकडा हातातच राहिला.

द्रानेवहिनींनी तिला खुर्चीत बसवलं. कम्युनिस्टांची लाल राजवट कोसळल्यापासून श्कोडर शहरात ज्याला कुणाला हरवलेलं माणूस, निदान त्याची हाडं तरी शोधायची असत, तो त्यांच्याच दारात येई. पश्को हा त्यांचा धाकटा दीर. खटारा गाडी त्याची आणि डोकं वहिनींचं, अशी त्यांची वाटणी होती. पश्कोची या वाटणीबद्दल काही तक्रार नव्हती.

बाईचं नाव म्रिका. डोंगरातल्या ब्रेगास गावची. तिचा बाप लुलाश आदल्या दिवशी वारला होता. "उद्या पुरायचंय, आणि गाव म्हणतं, दगाबाजाला दफनभूमीत जागा नाही."

"कुणाशी दगा केला त्यानं?"

"दोम प्रेंदशी."

पश्कोनं नकळत छातीवर क्रुसाची खूण केली. दोम म्हणजे फादर. धर्मगुरूंची धरपकड चालली होती तेव्हा हा देवमाणूस मेंढपाळाच्या वेषात, दाढी वाढवून डोंगरात फिरत होता. पोरांना बाप्तिस्मा देत होता, मरणाऱ्याच्या उशाशी बसत होता. अठ्ठेचाळीस साली ब्रेगासच्या नदीकाठी त्याला गोळ्या घातल्या.

"आमच्या माळ्यावर लपले होते ते," म्रिका म्हणाली. "आमचे पाहुणे. बाबांनी त्यांना विकलं म्हणतात. बाबा यावर कधी चकार शब्द बोलले नाहीत. दोन हिवाळ्यांपूर्वी झटका आला, तेव्हा वाचाच गेली."

"आणि तू काय म्हणतेस?"

"माझा बाप मुंगीसुद्धा मारत नव्हता हो!"

वहिनींनी शाल उचलली. "पश्को, तो पाव गाडीत खा."

ब्रेगासचा म्होरक्या होता ग्येलोश. साठी उलटलेला, ताठ कण्याचा. त्यानं डावा हात छातीवर ठेवून उजव्या हातानं वहिनींना कॉफी दिली, मग पश्कोला. म्रिकाची पाळी आली तेव्हा त्यानं डावा पाय उचलला आणि गुडघ्याखालून कप पुढे केला. पाहुण्याशी दगा केलेल्या घराला डोंगरात कॉफी अशीच मिळते. बाप गेला, आता तो अपमान लेकीच्या वाट्याला आला होता. तिनं मान खाली घालून कप घेतला. पश्कोनं आपला कप न पिताच खाली ठेवला.

"ग्येलोशदादा, त्या दिवशी काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"काय व्हायचं! ऑगस्ट महिना. शिपायांच्या कप्तानानं गावातल्या सगळ्या बाप्यांना चर्चमध्ये कोंडलं. दुपारपर्यंत धर्मगुरू द्या, नाहीतर एकेकाला भिंतीशी उभा करतो म्हणाला. मी होतो अठराचा. तहानेनं जीव चाललेला. त्या साली नदीतसुद्धा घोटभर पाणी नव्हतं, बायका वरच्या झऱ्यावरून आणायच्या. लुलाशचं घर रानात, म्हणून तो तेवढा बाहेर."

"मग?"

"दुपारी सोडलं. लुलाशनं दोम प्रेंदना आणून दिलं ना! धर्मगुरूला घरात ठेवणाऱ्याला तेव्हा गोळी होती, बाई. याच्या केसाला धक्का नाही!"

"आणि दोम प्रेंदचं प्रेत?"

"काठावर टाकलेलं. सकाळी गायब. नदीनं नेलं." ग्येलोशचा आवाज चढला. "त्याच आठवड्यात लुलाशचा भाऊ देदा तापानं मेला. देवाचा न्याय! खांदा द्यायला कुत्रं गेलं नाही. एकट्यानंच पुरला भावाला, आणि गाढवानं दगड रोवला तोही उलटा. अजून हसतात लोक."

शेजारची म्हातारी वितोरे दारात शेंगा सोलत होती. तिचा नवरा त्या काळी शिपायांच्या मागेमागे फिरायचा. "वहिनी, इथंच पाणी मुरतंय," पश्को कुजबुजला.

"गप रे. आजी, तुम्ही त्या दिवशी काय पाहिलंत?"

"दोम प्रेंद पायवाटेनं उतरत होते. अंगात काळा झगा, हनुवटी ईस्टरला असायची तशी गुळगुळीत. मागून लुलाश, मान खाली घालून."

"आणि शिपाई?"

"ते खाली चौकात. उन्हाचे वर कशाला चढतायत? आमचं येडं तर सावलीत घोरत पडलेलं."

"खबर कुणी दिली, ते बोलला का तुमचा नवरा कधी?"

"खबर मिळाली असती तर बक्षीस त्यानंच नसतं का लाटलं?" म्हातारी फिसकन हसली.

लुलाशच्या घरी शुकशुकाट होता. मधल्या खोलीत तो एकटाच पडला होता. हाडकुळा, स्वच्छ सदरा घातलेला. भिंतीवर घरातल्या मेलेल्यांचे फोटो होते, प्रत्येकाला काळी फीत. एका तरुणाच्या फोटोला तेवढी फीत नव्हती.

"हा कोण?"

"देदाकाका," म्रिका घाईनं म्हणाली आणि दुसरीकडे बघायला लागली.

फळीवर निळ्या फुलांचे कप ओळीनं मांडलेले, मध्ये एक जागा रिकामी. "तिथं बाबांनी दुसरा कप कधी ठेवू दिला नाही," म्रिकानं सांगितलं. "आई चिडायची."

चर्चमध्ये गेल्या वर्षापर्यंत सरकारी धान्य भरलेलं असायचं. अंधारात पश्को ठेचकाळला. फरशीत एका जुन्या धर्मगुरूची शिळा होती, वर त्याची झोपलेली मूर्ती कोरलेली.

"बघा की वहिनी, वेदीकडे डोकं आणि दाराकडे पाय करून निवांत झोपलाय!"

"ते नीट लक्षात ठेव," वहिनी म्हणाल्या.

बाहेर दफनभूमीत प्रत्येक कबरीच्या उशाचा दगड चर्चपासून दूरच्या टोकाला होता. मेलेला उठून बसला तर चर्चकडे बघेल असा. देदाचा दगड तेवढा चर्चच्या बाजूला.

"बाबा दर रविवारी यायचे," म्रिका म्हणाली. "दगडापाशी नाही, या दुसऱ्या टोकाला बसायचे."

वहिनींनी त्या टोकाला उभं राहून दगडाकडे पाहिलं. मग त्यांनी पश्कोला गाव गोळा करायला पाठवलं.

माणसं आली, पण फुरंगटून उभी राहिली.

"दोम प्रेंदना कुणी विकलं, हे शोधायला मी आले होते," वहिनींनी सुरुवात केली. "कुणीच विकलं नाही. लपलेल्या माणसाला शिपाई ओढून नेतात तेव्हा तो मेंढपाळाच्या कपड्यांत, दाढीसकट सापडतो. दोम प्रेंद त्या दिवशी दाढी करून, झगा घालून निघाले होते. वाटेवर एक शिपाई नव्हता. चर्चमध्ये कोंडलेल्या तुमच्यासाठी ते आपल्या पायांनी खाली गेले."

मागची माणसं पुढे सरकली.

"कुठं लपले होते, हे त्यांनी मरेपर्यंत शिपायांना सांगितलं नाही. म्हणून लुलाश वाचला."

"मग लुलाश मागून कशाला चालत होता?" ग्येलोश गुरकावला.

"ग्येलोशदादा, तुमच्या घरून पाहुणा निघाला की तुम्ही काय करता?"

पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवायला जायचं, हे डोंगरातल्या पोरालाही कळतं.

"आता प्रेत. घोटभर पाणी नसलेल्या नदीनं माणूस कसा वाहून नेला? लुलाशनं ते उचललं. देदा मेलाच नव्हता. खरं ना, म्रिका?"

म्रिका रडू लागली. "काका सरहद्द ओलांडून गेले होते. आईनं मरताना सांगितलं. कुणाला बोलू नको म्हणाली."

"पळून गेलेल्याच्या घरच्यांना कैद्यांच्या छावणीत टाकायचे. तेव्हा भाऊ मेला असं सांगून लुलाशनं त्याच्या नावाच्या पेटीत दोम प्रेंदना ठेवलं. तुम्ही कुणी खांदा दिला नाहीत, म्हणून कुणाला कळलं नाही. बोलला असता तर शिपायांनी हाडं उकरून फेकली असती."

"पण वहिनी, दगड?" पश्कोला राहवेना.

"तू ज्याला ठेचकाळलास, तो कसा झोपलाय? आपण मेल्यावर वेदीकडे तोंड करून झोपतो, धर्मगुरू आपल्या माणसांकडे तोंड करून. इतकी वर्षं गावात धर्मगुरू पुरला गेला नाही, तुम्ही विसरलात. लुलाश विसरला नव्हता. दर रविवारी तो त्यांच्यासमोर बसायला येत होता."

"आणि हे खोटं निघालं तर?" ग्येलोशनं विचारलं.

"तर लुलाशला मी श्कोडरला नेऊन पुरते."

ग्येलोशनं स्वतः फावडं हातात घेतलं. कवटी चर्चच्या बाजूलाच निघाली. छातीवर बोटांची हाडं, आणि बोटांत निळ्या फुलांचा कप.

"मिस्साच्या प्रार्थनेतला द्राक्षारसाचा प्याला शिपायांनी नेला असणार," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "माळ्यावर त्यांनी या कपात मिस्सा केली."

ग्येलोश खड्ड्यातच गुडघ्यांवर बसला. "मी अठराचा होतो," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "त्यानंतर माझं लग्न झालं, पोरं झाली, नातवंडं झाली..."

"हो," वहिनी म्हणाल्या. "ते सगळं त्यांनी दिलं."

दुसऱ्या दिवशी लुलाशची पेटी उचलायला इतके हात पुढे आले की पश्कोला जागाच मिळेना. त्याला दोम प्रेंदच्या कबरीच्या पायथ्याशी पुरलं, पायांना पाय लावून. यजमान आणि पाहुणा आता समोरासमोर झोपले.

मग सगळे लुलाशच्या घरी आले. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिथं बसायला जागा पुरेना. म्रिका कॉफी घेऊन फिरत ग्येलोशपाशी आली, तसा तो उठून उभा राहिला.

"मला गुडघ्याखालून दे, पोरी," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर दे."

म्रिकानं बापाच्या रिकाम्या पलंगाकडे पाहिलं. मग डावा हात छातीवर ठेवला आणि उजव्या हातानं कप पुढे केला.

"घ्या, दादा," ती म्हणाली. "गार होईल."