रावजीचं कोरं पीठ

तांदळाचं पीठ आणायला निघालो होतो, एवढंच. वात जरा वर करा आणि जवळ सरका. मी थापा मारतो हे अख्ख्या रत्नागिरीला ठाऊक आहे. पण ही गोष्ट थाप नव्हे.

सन बत्तीसचा कार्तिक. माझा मित्र रावजी नुकताच गेला होता. राजिवड्याच्या खाडीकाठी होड्यांना डांबर लावायचा, आणि देव, भूत, पितर सगळ्यांना एकाच शिवीत गुंडाळायचा. आमच्याकडे माणूस गेला की, दहावं-तेरावं होण्याआधी एका संध्याकाळी, तो गेला त्या जागी दिव्याशेजारी ताटात पीठ पसरतात. वर हारा, म्हणजे बांबूची मोठी टोपली, पालथा घालतात. सकाळी पिठावर ज्याची पावलं दिसतील, त्या जन्माला माणूस गेला. एकदा रावजीनं आणि मी एका खोताच्या पिठावर उंटाची पावलं उठवली होती. आळीत उंट कुणी पाहिलेलाच नव्हता, त्यामुळे शिमग्यापर्यंत वाद चालला.

माझी लेक सगुणा गेली तेव्हा मात्र मी हसलो नाही. पोर अंधाराला फार भ्यायची. बायकोच्या हट्टानं पीठ पसरलं. आम्हाला ग्लानी आली होती. राखण रावजीनंच केली. सकाळी पीठ कोरं. बायकोनं ऊर बडवला, "माझी पोर कुठंच पोचली नाही गो बाय!" मीही वेडाच व्हायचो. रावजीनं मला अंगणात ओढलं.

"दादू, होडी मोडून लाकडं चुलीत गेली, की होडी कुठं जाते? भूत होऊन खाडीत फिरते काय? तशी सगुणा कुठंच नाही. अंधारात नाही, एकटी नाही, तुला हाका मारीत नाही. पीठच सांगतंय ना, मेल्या!"

त्या बोलण्यावर मी इतकी वर्षं झोपलो. तुम्हाला देवाचा आधार असेल, मला त्या कोऱ्या पिठाचा होता.

रावजी स्वतः जाताना, छाती भात्यासारखी चाललेली, तरी म्हणाला, "माझंही कोरं राहील. उंटबिंट काढू नकोस हां."

तर मी पीठ आणलं, पसरलं. त्याची बायको आनंदीवहिनी ताटाकडे बघत बसलेली.

"भावोजी... चिमणीची दिसली तरी चालतील हो. नाहीतर मी बोलू कुणाशी?"

ती तुळशीपुढे दिवा लावायला गेली आणि मला राहवलं नाही. काटकीनं कावळ्याची पावलं काढली, पुढे तीन बोटं, मागे एक. मनात म्हटलं, रावज्या, तू नाहीसच, तुला काय कळणार! हारा घातला, वर जांभ्याचा दगड ठेवला.

मग ताटाच्या अलीकडे मी, पलीकडे वहिनी. दिव्यातल्या उंडीच्या तेलाचा कडवट वास. खाडीची गाज मधेच थांबल्यासारखी झाली. वारा नव्हता, तरी ज्योत हाऱ्याकडे वाकली आणि वाकलेलीच राहिली. आणि आतून आवाज आला... सर्र... जरा थांबून पुन्हा... सर्र... सुक्या फळीवरून कुणी सावकाश तळवा ओढावा तसा.

"भावोजी... उंदीर?"

"उंदीरच."

दगड जागचा हलला नव्हता. आम्ही दोघंही जागचे हललो नाही.

उजाडल्यावर हारा उचलला. माझा कावळा नव्हता. पीठ सपाट. वहिनीनं पदर तोंडात कोंबला. "काहीच नाही हो... काहीच नाही..." तिला दिसलं नाही. मला दिसत होतं. पिठावर चार बोटांच्या बारीक रेघा होत्या, उजवीकडून डावीकडे वळत गेलेल्या. रावजी डावखुरा होता. होडीला डांबर फिरवताना हात असाच ओढायचा.

'मी नसणार' म्हणाला होता, आणि ते खरं करायला आला होता!

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसलो असतो. पण तशाच रेघा मी आधी पाहिल्या होत्या. सगुणाच्या पिठावर, त्या सकाळी. हारा घासला असेल असं तेव्हा वाटलं होतं. म्हणजे त्या पिठावर काहीतरी उमटलं होतं. राखणीला बसलेल्या माझ्या जिवलग मित्रानं ते पाहिलं, पुसलं, आणि मग मला अंगणात नेऊन होडीची गोष्ट सांगितली. मला झोप यावी म्हणून. असं काय होतं ते, रावज्या, की बापाला दाखवता येऊ नये? आणि पोर इतकी वर्षं हाका मारीत असेल, तर मी कुठल्या कानानं झोपलो?

वहिनीला म्हटलं, पीठ समुद्रात सोडतो. सोडलं नाही. घरी आणलं, सगुणा गेली त्या कोपऱ्यात पुन्हा सपाट पसरलं, वर हारा घातला. सकाळी उचलायचा होता. अजून उचललेला नाही.

बायको केर काढताना विचारते, "हाऱ्याखाली काय आहे हो?"

"काही नाही," मी म्हणतो.

ती हाऱ्याच्या भोवतीनं झाडून घेते. आमच्या घरात मुंग्या भारी. पिठाच्या वासानं भिंतीवरून रांग लावून येतात, हाऱ्यापासून वीतभर अंतरावर थबकतात, आणि आल्या वाटेनं परत जातात.